साका बसायला लागणारी वीस मिनिटं

माझ्या भाच्याला मेलबर्नमध्ये घरच्या गॅरेजात बिअर बनवायचा नाद लागला आहे. तिकडे ते कायद्यात बसतं म्हणे. मागच्या महिन्यात त्याने मला व्हिडिओ पाठवला. चाळीस लिटरचं स्टीलचं पातेलं, त्याच्या बुडाला नळ, नळाला आतून जाळी आणि त्या जाळीवर बोटभर हिरवट चिखल. नळातून थेंब थेंब गळतंय. खाली लिहिलं होतं, "मामा, दर वेळी चोक होतं. तू आयुष्यभर हेच केलंस ना? काहीतरी सांग."

सांगितलं. म्हटलं, जाळी बदलू नकोस, तुझी घाई बदल. आच बंद कर, मोठ्या पळीने एकाच दिशेने गरगर ढवळ, मध्ये भोवरा पडू दे आणि झाकण ठेवून वीस मिनिटं तिथून चालता हो. सगळा गाळ मधोमध ढीग करून बसतो. नळाचं आतलं तोंड मध्यावर नको, कडेला घे. एकदम उघडू नकोस, पाव उघड. आणि शेवटच्या दोन लिटरांचा लोभ धरू नकोस. चार दिवसांनी त्याचा फोन. "मामा, एकदम मॅजिक!"

मॅजिक कसलं डोंबलाचं! पोराला आनंद झाला आणि मला मात्र संध्याकाळभर काही गोड लागलं नाही. हौस म्हणून पातेलं ठेवणाऱ्या माणसाला जी वीस मिनिटं मिळतात, ती आमच्या एवढ्या मोठ्या फॅक्टरीत एका रमजानला मिळाली नाहीत, आणि त्यापायी एक सज्जन माणूस नोकरीला मुकला. संपादकांनी अंकासाठी हलकंफुलकं लिहा म्हणून सांगितलं आहे. क्षमा करा. या विषयावर मला हलकं होता येत नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. मी कुवेतमध्ये सत्तावीस वर्षं माल्ट ड्रिंकच्या फॅक्टरीत होतो. माल्ट ड्रिंक म्हणजे दारू नव्हे. दुकानात, लग्नात, रोजा सोडताना लहानथोर सगळे पितात. पण कणकवलीला माझ्या थोरल्या भावाला हे शेवटपर्यंत पटलं नाही. "कुवेतात दारू बंद, मगे तू थंय उकळतंस काय?" असं तो चारचौघांत विचारायचा. माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना पाहुण्यांनी बायकोला बाजूला घेऊन, "ह्यांच्या अंगाला वास येतो का हो?" असं विचारलं होतं. येत होता. भाजलेल्या धान्याचा. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

तर काम असं. सातूला मोड आणून भाजलेले दाणे भरडायचे. गरम पाण्यात भिजवून त्यांचा गोड काढा उतरवायचा. तो काढा केटलमध्ये तासभर खळखळ उकळायचा आणि उकळताना हॉप्स टाकायचे. हॉप्स ही एका वेलीची फुलं. वाळली की हिरव्या कागदाच्या बोळ्यांसारखी दिसतात आणि चवीला काडेचिराइताची धाकटी बहीण. बिअरवाले पुढे यीस्ट घालून हा काढा आंबवतात. आम्ही आंबवत नाही. गाळायचं, थंड करायचं, गॅस भरायचा, बाटलीत घालायचं.

यातलं "गाळायचं" एवढं माझं खातं. ऐकायला पोरखेळ वाटतो. उकळताना हा काढा दुधासारखा फाटतो, त्यात गुठळ्या होतात, त्यात हॉप्सचा पाला मिसळतो आणि चिकट गाळ होतो. त्याला कागदोपत्री इंग्रजी नाव होतं. आम्ही दोघं-तिघं कोकणी त्याला साका म्हणायचो. पुढे मल्याळी फिटर आणि इजिप्तचे सुपरवायझरही साकाच म्हणायला लागले. हा साका गाळणीने गाळायचा नसतो, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. तो बसवायचा असतो. गाळणी असते ती चुकून सुटलेल्या चार कणांसाठी. तरंगता साका गाळणीवर नेलात की तो लिंपण घातल्यासारखा बसतो, आणि पंप जितका ओढेल तितका आणखी घट्ट होतो. मग जाळी बारीक लावा, जाड लावा, बायकोचं पातळ लावा, काही उपयोग नाही.

म्हणून आमच्याकडे नियम होता. उकळणं संपलं की पंपाने काढा गोल फिरवायचा, मग वीस मिनिटं केटलला हात लावायचा नाही. या वीस मिनिटांत पुढच्या खोलीत कोणी मोठ्याने बोललं तरी मला राग यायचा.

या धंद्याला विचित्र गिऱ्हाइकंही पुष्कळ. अबू हलीफाला मी राहायचो त्या बिल्डिंगीतल्या एका गृहस्थाने मला जिन्यात गाठलं आणि, "मूठभर हॉप्स आणा ना, आणि पुढचं कसं आंबवायचं ते सांगा," म्हणाला. वर हळूच डोळा मारला. मी त्याला दोन मजले शिव्या घालत खाली नेलं. फ्लॅटच्या न्हाणीघरातल्या बादलीतलं पिऊन आंधळे झालेले लोक असतात आणि तुरुंगात जातो तो वेगळाच कोणीतरी. त्याला मी भेकड वाटलो असेन. वाटू दे.

दुसरी होती रुमैथिया वस्तीतली एक म्हातारी. बाटलीत घाण आहे अशी तिची तक्रार आली म्हणून मला माफी मागायला पाठवलं. तिने बाटली उघडून काढा काचेच्या पेल्यात ओतून खिडकीत ठेवला होता. मला चहा दिला, खजूर दिला आणि पेल्याकडे बोट दाखवून म्हणाली, "शूफ." बघ. तळाशी केसाएवढी करडी रेघ होती. तिची सून इंग्रजीत सांगत होती. म्हातारीच्या लहानपणी पिण्याचं पाणी गलबतांतून यायचं, ते रांजणात निवळायला ठेवायचे, आणि घाई करणाऱ्याला तिचे वडील गढूळ पाणीच प्यायला द्यायचे. मी परत आलो आणि त्या दिवसाची सगळी नोंदींची शीटं काढून बसलो. आमच्याच एका गड्याने वीसऐवजी पंधरा मिनिटांत नळ उघडला होता. त्या काळी शीटावर पंधरा झाली तर पंधराच लिहायचे. हे लक्षात ठेवा.

मग आमचे नवे प्रॉडक्शन मॅनेजर आले. पुण्याचे. नाव लिहीत नाही. आईवडिलांनी ते चांगल्या हेतूने ठेवलं असणार. आपला माणूस आला म्हणून पहिल्या दिवशी मीच त्यांना डब्यातली सोलकढी पाजली. महिन्याभरात त्यांनी हॉप्सची अख्खी फुलं बंद करून त्यांच्या दाबलेल्या गोळ्या आणल्या, कारण गोदामात जागा कमी लागते. अख्खी फुलं असली की ती जाळीवर पसरून स्वतःच गाळणीचं काम करतात. गोळी गरम काढ्यात फुटते आणि तिचा होतो चिखल. म्हणजे आता वीस मिनिटं कमीच पडणार. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. लिहून घेण्यात ते पटाईत.

पुढे रमजान आला. आमच्या मालाला सगळ्यात जास्त मागणी याच महिन्यात, आणि कायद्याने कामाचे तास मात्र सहा. तेवढ्यात केटलमधून जास्तीचे घाणे काढायचे म्हणून साहेबांनी मला बोलावलं.

"तावडे, उकळून झाल्यावर वीस मिनिटं ती केटल नुसती काय करते?"

"साका बसतो, साहेब."

"मग फिल्टर कशाला घेतलाय आपण?"

"साहेब, फिल्टर..."

"रमजानपुरतं पाच मिनिटं करा. आणि हे बघा, शीटावर वीसच राहू दे. ऑडिटरला उगाच प्रश्न पडायला नकोत."

इथे माझी चूक आहे आणि ती मी कोणावर ढकलणार नाही. मी हो म्हटलं. बाहेर येऊन सगळ्या ऑपरेटरांना मीच सांगितलं, नळ पाचला उघडा, लिहा वीस. प्रत्येक शीटाखाली तपासणाऱ्याची सही माझी. आपल्या लोकांना कागद स्वच्छ ठेवायची भारी हौस. अक्षर सुंदर, रकाने भरलेले, तारीख बरोबर, की सगळं बरोबर! मलाही ती हौस होती. आणि चार महिन्यांत मी निवृत्त होऊन घरी जाणार होतो, मला शेवटाला तंटा नको होता.

केटलवर शौकत होता. जयगडच्या खाडीकडचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. मला दादा म्हणायचा. काढ्याची चव घेऊन कडूपणा ओळखण्यात त्याच्याइतका तरबेज माणूस फॅक्टरीत नव्हता. रमजानमध्ये त्याला चाखता यायचं नाही म्हणून मी आतल्या बंद खोलीत जाऊन चाखायचो आणि बाहेर येऊन त्याला तोंडी वर्णन सांगायचो. "जिभेच्या मागे येतंय की पुढे?" असं तो विचारायचा. माझ्या वर्णनावरून तो बरोबर अंदाज करायचा. त्याची बायको आणि मुलगी सानिया तिथेच, कुवेतला होत्या. सानियाची बारावीची बोर्डाची परीक्षा चालू होती.

तिसऱ्या आठवड्यात व्हायचं ते झालं. गोळ्यांचा चिखल, पाच मिनिटं, आणि वर साहेबांच्या हुकमाने पंप जोरात. गाळणी चोंदली. शौकतने लगेच पंप बंद केला, नाहीतर पंपही गेला असता. पण तोवर साका पुढे, काढा थंड करणाऱ्या प्लेट कूलरमध्ये घुसला होता. त्याच्या फटी काडेपेटीच्या काडीएवढ्या. तो खोलून साफ करायला दीड दिवस गेला. अख्खी केटल गटारात सोडली, लाइन बंद, आणि ईदच्या तोंडावर दुकानांत माल नाही.

चौकशी मालकांनी स्वतः केली. जुने कुवेती गृहस्थ. तरुणपणी वडिलांबरोबर मुंबईत राहिलेले, हिंदी आपल्यासारखं बोलायचे. साहेबांनी शीटांची फाइल त्यांच्यापुढे ठेवली. म्हणाले, प्रक्रिया शंभर टक्के बरोबर आहे, हे बघा वीस, वीस, वीस. म्हणजे ऑपरेटरने गाळणी नीट बसवली नसणार.

मालकांनी शौकतला विचारलं, "बीस मिनट रखा था?"

मी त्याच्या शेजारी उभा होतो. आमच्या दोघांत हातभर अंतर नव्हतं. त्याने फाइलकडे पाहिलं. वरच्याच शीटावर माझी सही होती, झोकदार.

"जी, रखा था," शौकत म्हणाला.

मी बोललो नाही. साहेबही बोलले नाहीत. त्यांनी फक्त फाइल मिटली. दुपारी शौकतच्या हातात कागद पडला. नोकरी संपली, इकामा रद्द करायला पाठवणार. त्याचा इकामा म्हणजे त्या देशात राहायचा परवाना, आणि त्याच्याच आधारावर बायकोमुलीचा. तो गेला की तिघांनाही निघावं लागणार. सानियाचे तीन पेपर बाकी होते.

संध्याकाळी रोजा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेलो. भाभींनी माझ्यापुढे फळांची बशी ठेवली. आतल्या खोलीत सानिया वाचत होती. मला बघून तिने मान वर केली, "हाय अंकल, केमिस्ट्री वॉज ओके," म्हणाली आणि परत पुस्तकात गेली. तिला अजून सांगितलं नव्हतं.

"शौकत, तू असं का बोललास?" मी म्हटलं.

"तुमची सही व्हती ना दादा. तुमी चार महिन्यांत घरी जाणार. सत्तावीस वर्षांवर डाग घेवन जाल?" तो म्हणाला. "मला वाटला, चार दिवसांचा पगार कापतील. नोकरी जाईल असा कुठं वाटला?"

"उद्या मी जाऊन खरं सांगतो."

तो एकदम ताठ बसला. "नाय. तसा करू नका. आता तुमी खरा बोललात तर मी खोटा ठरन. गाळणी चुकवलेला माणूस दुसरीकडं खपतो दादा. खोटा माणूस नाय खपत."

"अरे, पण चूक तुझी नाही!"

"माजा रोजा व्हता," तो खाली बघत म्हणाला. "रोज्यात खोटा बोललू. तां आता फुकट नका घालवू."

मला ते ऐकू आलं, पण कळलं नाही. खरं तर कळून घ्यायचं नव्हतं. माझ्या छातीवर धोंडा होता आणि तो मला उतरवायचा होता. त्यालाच मी न्याय म्हणत होतो.

सकाळी मी मालकांकडे गेलो. साहेब तिथेच होते. मी फाइल उघडून सांगितलं, यातला प्रत्येक वीस खोटा आहे. पाच मिनिटांचा हुकूम साहेबांचा, वीस लिहायचाही त्यांचाच, पण सह्या माझ्या. साहेबांचा चेहरा क्षणभर उतरला. मग ते अगदी शांतपणे म्हणाले, "सर, मुझे ये आज ही पता चल रहा है." काय माणूस! माझी सोलकढी प्यायला होता हा.

त्यांचा हुकूम तोंडी होता आणि माझ्या सह्या शाईच्या. मालकांनी मला विचारलं, "तूने साइन क्यों किया?" त्यांनी शौकतला बोलावून घेतलं.

"तुमने मुझे क्या बोला था?"

शौकतने माझ्याकडे पाहिलं नाही. "जी, झूठ बोला."

"रोजे में? मेरे मुँह पर?"

"जी."

मी मध्ये पडलो. म्हटलं, माझ्यासाठी बोलला तो, मला वाचवायला बोलला. मालकांनी हात वर केला. "मशीन का नुकसान माफ़. ये माफ़ नहीं. खलास." मग जरा थांबून म्हणाले, लड़की का आख़िरी पेपर होने दो, उसके बाद. एवढी त्यांनी मेहरबानी केली, आणि मी ती नाकारणार नाही. सानियाचे तिन्ही पेपर झाले. निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम सच्चे आदमी हो."

शेवटच्या पेपरनंतर आठ दिवसांत शौकतचं बिऱ्हाड आवरलं. मी सामान बांधायला गेलो होतो. भाभी माझ्याशी नेहमीसारख्या बोलल्या. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

आता ऐका पुढचं. ईदनंतर साहेबांची मेल आली. केटलला वीस मिनिटं विश्रांती सक्तीची, गोळ्यांऐवजी पुन्हा अख्खी फुलं, आणि या सुधारणेचं श्रेय त्यांच्या नावावर. खाली माझे आभार, "पारदर्शकतेबद्दल". माझ्या निरोप समारंभात साहेबांनी भाषण केलं आणि प्रामाणिकपणाचं सर्टिफिकेट फ्रेम करून माझ्या हातात दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे ऐकून होतो. इथे चोराचा सत्कारही झाला, आणि तो मी उभा राहून करून घेतला. महिनाभर रोज खोटं लिहिणारा मी सच्चा, आणि जन्मात एकदा, तेही दुसऱ्यासाठी, खोटं बोललेला माणूस खोटा! हा कुठला हिशेब, ते मला आजही कोणी समजावून देऊ शकलेलं नाही. साहेब आता दुबईला याहून मोठ्या जागेवर आहेत.

शौकतला गल्फमध्ये पुन्हा काम मिळालं नाही. दोन ठिकाणी विचारणा झाली, दोघांनीही जुन्या फॅक्टरीत फोन केला. आता तो गावात भावाबरोबर आंब्याच्या बागा बघतो. सानिया रत्नागिरीला कॉलेजात आहे. मी देशात परतल्यावर पहिल्याच बकरी ईदेला त्याला फोन केला. इकडचं तिकडचं झालं, आणि मग तो आपणहून म्हणाला, "दादा, तां एक काम राहिला व्हता, तां मी केला."

"कसलं?"

"तो दिवस. चौकशीचा. त्याचा रोजा मी परत धरला. मौलवी बोलले, रोजा मोडत नाय, परत धरायची गरज नाय. पण मला बरा वाटंना. मे महिन्यात धरला, बागेत काम चालू असताना. आता काय नाय."

त्याचा एक दिवस होता, तो त्याने मे महिन्याच्या उन्हात फेडला. माझ्या सह्या किती होत्या ते मला माहीत नाही, आणि त्या परत कशा धरायच्या हे सांगणारा मौलवी किंवा भटजी माझ्या माहितीत नाही. शौकतला विचारावं असं मनात आलं. त्याने सांगितलंही असतं. पण त्याचं आणखी काही घ्यायची मला लाज वाटली, म्हणून मी सानियाचा निकाल विचारला आणि फोन ठेवला.